दवा, दारू आणि परवाना



या व्यासपीठावर आजवर संत, शाहीर, नाटककार आणि कवी यांच्यावरची व्याख्याने मी मागच्या रांगेत बसून ऐकत आलो. यंदा मलाच बोलावणे आले, तेव्हा मी दारूच्या परवान्यांचा इतिहास हा विषय सुचवला. कार्यवाह क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही जैन घरातले. मद्य, मांस, मधु यांचा त्याग हे तुमचे मूलगुण. तुमचा आणि या विषयाचा संबंध काय?"

संबंध रोजचा आहे. माझ्या दवाखान्यातल्या कपाटात तीनेकशे बाटल्या असतील. त्यांतल्या बहुतेकींत जे द्रव आहे ते मद्यार्क आहे. ताज्या वनस्पतीचा रस काढावा आणि त्यात दिव्यात जळू शकेल इतका तेज मद्यार्क समभाग मिसळावा, असे हानेमान यांनी आपल्या 'ऑर्गेनन'मध्ये सांगून ठेवले. तेव्हापासून होमिओपॅथीचे औषध आणि मद्यार्क यांची गाठ सुटलेली नाही. मी जन्मात दारूला ओठ लावलेला नाही. पण स्पिरिटचा परवाना, त्याची वही आणि त्या वहीतला थेंबाथेंबाचा हिशेब यांत माझे वयाचे निम्मे दिवस गेले. दवाखाना सुरू केला त्या वर्षी एक अधिकारी येऊन माझ्या बाटल्या मोजून गेला. जाताना त्याने सहज विचारले, "डॉक्टर, ही दवा की दारू?" मला तेव्हा राग आला होता. पुढे कळले की हाच प्रश्न उच्च न्यायालयाने, सर्वोच्च न्यायालयाने आणि दोन-तीन विधिमंडळांनी पुन्हा पुन्हा विचारला आहे, आणि अगदी अलीकडेपर्यंत त्याचे उत्तर बदलत राहिले आहे.

गंमत अशी की भाषेने हा प्रश्न कधी विचारलाच नव्हता. फारसीत 'दारू' म्हणजे औषध. आपण आजही 'खूप दवादारू केली' म्हणतो तेव्हा कोणी पेला डोळ्यांपुढे आणत नाही. 'आबकारी' हा शब्दही फारसीच. आब म्हणजे पाणी. दवा एका खात्यात आणि दारू दुसऱ्या खात्यात अशी वाटणी भाषेने केलेली नाही, ती दप्तराने केली. त्या दप्तराचीच ही हकिगत आहे.

झाडावर बसलेला कर

पेशवाईत दारूचे उत्पन्न नगण्य होते. रोजनिशीतील हुकूम पाहिले तर सरकारचा कल दारू विकून पैसा मिळवण्यापेक्षा ती आवरण्याकडेच दिसतो. कंपनीचे राज्य आले आणि भट्टीचे मक्ते लिलावात जाऊ लागले. जो जास्त बोली देईल त्याला त्या टापूत गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क. आपल्या सीमाभागाच्या बोलीत या व्यवहाराची खूण अजून आहे. 'गुत्ता' म्हणजे मुळात मक्ता, ठेका. कन्नडमध्ये 'गुत्तिगे' म्हणजे आजही कंत्राट, आणि मराठवाड्यात रस्ता बांधणाराही 'गुत्तेदार'च. पण मराठीत नुसता 'गुत्ता' म्हटले की दारूचे दुकान. म्हणजे दुकानाला नाव मिळाले ते आत काय विकले जाते त्यावरून नव्हे, सरकारशी झालेल्या करारावरून. इतका प्रामाणिक शब्द दुसरा सापडणे कठीण.

या जुन्या पद्धतीला शिस्त लावणारा कायदा म्हणजे १८७८चा मुंबई आबकारी कायदा. त्यामागे सर चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्याचे डोके होते. गावोगावच्या लहान भट्ट्या बंद करायच्या, मोठ्या मध्यवर्ती भट्ट्यांत दारू गाळायची, तिची तीव्रता मोजायची आणि गॅलनमागे शुल्क घ्यायचे, अशी त्याची योजना. कोकणात उरणच्या मोहाच्या भट्ट्या मोठ्या झाल्या; त्या बहुतांशी पारशी व्यापाऱ्यांच्या हाती होत्या. ताडी-माडीसाठी कर झाडावर बसला. परवान्यावाचून झाडाला चीर देता येईना.

यात काय बदलले ते नीट पाहिले पाहिजे. भंडारी पिढ्यान्‌पिढ्या माड उतरवत होता. ठाणे-कुलाब्याचा आदिवासी मोहाची फुले वेचून त्यातली काही खात होता, काही गाळत होता. त्याच्या लग्नात, मर्तिकात, देवापुढे ती दारू लागे. नव्या कायद्याने त्याला दारू पिऊ नको असे सांगितले नाही. स्वतः गाळू नको, विकत घे, असे सांगितले. १८९२ मध्ये तर खास मोहाच्या फुलांसाठी कायदा झाला आणि ठाणे-कुलाब्यात ठराविक मापापेक्षा जास्त फुले घरात बाळगणे गुन्हा ठरले. जंगलात आपोआप गळणारे फूल मोजून ठेवण्याची पाळी आली. घरच्या वस्तूसाठी दुकानदाराकडे उधारी सुरू झाली आणि उधारीत जमिनी गेल्या.

गोव्यालाही याची झळ लागली. १८७८च्याच डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांचा तह झाला. जकात एक झाली, मिठावर मक्तेदारी आली आणि आबकारीची मुंबईसारखी व्यवस्था गोव्यातही आणावी लागली. माड उतरवणाऱ्या रेंदेरांवर आणि मिठागरांवर पोट असणाऱ्यांवर त्याचा भार पडला. १८९२ मध्ये तह संपला. सरकारे दोन, भाषा निराळ्या, धर्म निराळे. माडावर आकडा घालण्याची युक्ती मात्र एकच.

पहिले विरोधक

दारूविरुद्धची चळवळ गांधीजींपासून सुरू झाली असे आपण समजतो. आपल्याकडे ती त्याआधीची आहे. १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी शहरात वाढणाऱ्या गुत्त्यांविरुद्ध लेखी तक्रार केली. १९०८ मध्ये पुण्यात स्वयंसेवकांनी दारूच्या दुकानांपुढे शांतपणे उभे राहून गिऱ्हाइकांना परत पाठवण्याचा उपक्रम केला. त्याला टिळकांचा पाठिंबा होता आणि सरकारने त्यावर खटले भरले. फुले आणि टिळक यांचे फार थोड्या बाबतींत जमत असे. गुत्त्याच्या बाबतीत दोघांचे बोट एकाच जागी होते. दारू वाढवण्यात सरकारचा स्वार्थ आहे, हे दोघांनाही दिसले होते.

वडोदऱ्याकडच्या श्रोत्यांना १९२२ची देवीची चळवळ ठाऊक असेल. पालघर किनाऱ्याकडून निघालेली ही लाट त्या वर्षाच्या अखेरीस सुरत जिल्ह्यात आणि गायकवाडी संस्थानच्या नवसारी प्रांतातील आदिवासी गावांत पोचली. अंगात येणाऱ्या देवीने हुकूम केले: दारू सोडा, ताडी सोडा, रोज अंघोळ करा, दारूच्या दुकानदाराकडे कामाला जाऊ नका. शहरातला कोणी पुढारी तेथे गेला नव्हता. ज्यांची फुले मोजली गेली, ज्यांच्या झाडांवर आकडे घातले गेले, त्यांनीच दुकान ओस पाडले. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे व्रत म्हणतात ते हेच. ते माणूस स्वतः घेतो. त्याला परवाना लागत नाही आणि बंदीही लागत नाही.

बंदीचा कायदा आणि कोलनवॉटर

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले. आरोग्य आणि आबकारी ही खाती डॉ. गिल्डर यांच्याकडे होती. ते नामांकित हृदयरोगतज्ज्ञ, गांधीजींवर उपचार करणारे, आणि पारशी. ज्या समाजातील अनेकांचा हा धंदा होता त्याच समाजातल्या डॉक्टराने दारूबंदीची अंमलबजावणी हाती घेतली. १९३८ मध्ये अहमदाबादेत आणि १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात बंदी आली. बुडणारे उत्पन्न भरून काढायला शहरातील स्थावर मालमत्तेवर दहा टक्के कर बसवला. बंदीची किंमत कोणी द्यायची या प्रश्नाला 'घरमालकाने' असे सरळ उत्तर देणारे ते सरकार होते. पुढच्या सरकारांनी इतके सरळ उत्तर क्वचितच दिले. त्याच वर्षी मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि प्रयोग अर्धवट राहिला.

स्वातंत्र्यानंतर १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि एप्रिल १९५० मध्ये संपूर्ण राज्यात बंदी लागू झाली. तेव्हाचे मुंबई राज्य म्हणजे आजचा बराचसा महाराष्ट्र, बराचसा गुजरात, नुकतेच विलीन झालेले वडोदरे, आणि आपले बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवारही. आपल्या आजोबा-पणजोबांनी बेळगावात जी दारूबंदी पाहिली ती मुंबईच्या या कायद्याची.

कायदा कडक होता. त्यातली 'मद्य' शब्दाची व्याख्या इतकी ऐसपैस की ज्यात मद्यार्क आहे असे कोणतेही द्रव तीत बसावे: औषध, अत्तर, कोलनवॉटर, सगळेच. दारूची वाखाणणी करणे हाही गुन्हा ठरवला होता. एफ. एन. बलसारा या नागरिकाने याला आव्हान दिले. व्हिस्की, ब्रँडी, वाइन आणि बिअरबरोबरच औषधी वाइन, कोलनवॉटर, लव्हेंडर वॉटर आणि मद्यार्क असलेली औषधे बाळगण्याचा व वापरण्याचा आपल्याला हक्क आहे, असे त्याचे म्हणणे. २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. व्हिस्की-ब्रँडीवरची बंदी न्यायालयाने मान्य केली. औषधी आणि प्रसाधनाच्या वस्तूंच्या बाबतीत मात्र सामान्य नागरिकांना त्या बाळगायला आणि वापरायला मनाई करणे हे अवाजवी बंधन आहे, असे म्हणून तेवढी कलमे रद्द केली. दारूची वाखाणणी हा गुन्हा ठरवणारा भागही भाषणस्वातंत्र्याविरुद्ध म्हणून गेला.

आमच्या धंद्याच्या दृष्टीने तो निकाल नसता लागला तर काय झाले असते याची कल्पना करवत नाही. बेलाडोनाची बाटली आणि देशीची बाटली एकाच पंचनाम्यात आली असती.

पण या सवलतीची दुसरी बाजूही लगेच दिसली. औषधाची वाट मोकळी झाली तशी काही लोकांनी औषधाच्या बाटलीतून दारूची सोय करून घेतली. सुंठीचा टिंचर हा पचनासाठी पाच-दहा थेंब घ्यायचा. तो बाटलीच्या बाटली खपू लागला. म्हणून १९५२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली: जे औषध नशेसाठी पिण्याजोगे नाही तेच मोकळे. पुढे कोणते पिण्याजोगे आणि कोणते नाही हे ठरवायला तज्ज्ञांचे मंडळही आले. १९५५ मध्ये केंद्राने औषधी व प्रसाधन द्रव्यांच्या शुल्काचा स्वतंत्र कायदा केला. घटनेतच तेव्हा तशी वाटणी होती: पिण्याच्या दारूवरचा कर राज्याचा, मद्यार्क असलेल्या औषधांवरचा कर बसवण्याचा अधिकार केंद्राचा. माझ्या कपाटातली बाटली दिल्लीची झाली आणि कोपऱ्यावरच्या दुकानातली बाटली राज्याची राहिली.

तीस मिलिलिटरचा प्रश्न

येथे माझ्या व्यवसायबंधूंना न आवडणारी एक गोष्ट सांगतो. ज्या होमिओपॅथिक औषधात बारा टक्क्यांहून जास्त मद्यार्क आहे ते तीस मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीत विकू नये, रुग्णालये व दवाखान्यांना फार तर शंभर मिलिलिटरची बाटली द्यावी, असा औषध नियमांतला नियम १९९०च्या दशकात आला. तेव्हा आम्ही सगळ्यांनीच नाके मुरडली. जिथे एक बाटली पुरायची तिथे पंधरा लागणार, खर्च वाढणार, आमच्यावर अविश्वास दाखवला, अशी कुरकुर मीही केली.

त्या सुमारास एक गृहस्थ दर आठवड्याला माझ्याकडे येत. चांगल्या घरातले, निवृत्त. एका विशिष्ट मूळ अर्काची मागणी करीत आणि तो मोठ्या बाटलीतच हवा म्हणत. मी दोन-तीनदा दिला. एके दिवशी त्यांच्या पत्नी एकट्याच आल्या. पिशवीतून रिकाम्या बाटल्या काढून त्यांनी माझ्या टेबलावर ओळीने मांडल्या. काही माझ्याकडच्या, बऱ्याच इतर ठिकाणच्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. नातवाच्या शाळेची वेळ झाली म्हणून लगेच निघूनही गेल्या. त्या अधिकाऱ्याचा 'दवा की दारू?' हा प्रश्न मला त्या दिवशी पुन्हा ऐकू आला, आणि या वेळी राग यायला जागा नव्हती. तेव्हापासून तीस मिलिलिटरच्या नियमाविरुद्ध मी कधी बोललो नाही. बाटलीत काय आहे यावर तिचे नाव ठरत नाही. ती कोणाच्या हाती, किती आणि कशासाठी जाते यावर ठरते. नियम करणाऱ्याला मन वाचता येत नाही म्हणून तो माप ठरवतो. माप ओबडधोबड असते, पण मापावाचून दुसरे काही त्याच्या हाती नसते.

याच्या उलट एक आठवण आहे. आमच्यातल्या एक वृद्ध बाई, व्रतस्थ, त्यांनी थेंब घ्यायला साफ नकार दिला. मी साखरेच्या गोळ्यांवर औषध टाकून त्या कागदावर उघड्या ठेवल्या, वास पूर्ण उडू दिला आणि मग दिल्या. त्यांनी हुंगून पाहिल्या आणि मग घेतल्या. तेथे परवाना नव्हता, निरीक्षक नव्हता, तज्ज्ञांचे मंडळ नव्हते. त्यांचे नाकच त्यांचा कायदा होता.

एक कायदा, दोन लेकरे आणि सीमेवरची माणसे

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्यातला चंदगड तालुका मात्र मुंबईकडे राहिला. त्या दिवसाच्या जखमांबद्दल या व्यासपीठावर पुष्कळ बोलले गेले आहे. दारूच्या कायद्यापुरते सांगायचे तर मुंबईचा दारूबंदी कायदा इकडेही काही वर्षे तसाच चालू राहिला. १९६० मध्ये गुजरात वेगळा झाला तेव्हा त्यानेही तोच कायदा सोबत नेला. म्हणजे एका कायद्याची तीन घरांत वाटणी झाली आणि प्रत्येक घरात तो निराळा वाढला.

म्हैसूरने १९६७ मध्ये बंदी उठवली आणि आपल्याकडे नवा अबकारी कायदा लागू झाला. महाराष्ट्राने बंदी रद्द केली नाही, सैल केली. १९६०च्या दशकात परवाने सुलभ झाले. १९७३ मध्ये देशी दारूचे नियम झाले आणि 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान' ही पाटी रस्त्यावर आली. कायद्याचे नाव मात्र आजही दारूबंदी कायदाच आहे. फक्त 'मुंबई'च्या जागी 'महाराष्ट्र' आले. त्या कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात पिणाऱ्यालाही परवाना लागतो. दिवसापुरता परवाना विदेशीसाठी पाच रुपयांना, देशीसाठी दोन रुपयांना. 'परमिट रूम' हा शब्द त्यातूनच आला, आणि खोलीत बसलेल्यांपैकी कितीजणांच्या खिशात तो कागद असतो हे सर्वांना ठाऊक आहे. बंदी नावात, विक्री दुकानात आणि परवाना पाटीवर, अशी ही तडजोड आहे.

गुजरातने तोच कायदा बंदी म्हणूनच ठेवला. २०११ मध्ये त्याला 'गुजरात'चे नाव दिले. विषारी दारूने माणसे दगावली तर गाळणाऱ्याला मृत्युदंडापर्यंत शिक्षेची तरतूद केली. तेथे चाळिशीपुढच्या माणसाला प्रकृतीच्या कारणासाठी 'आरोग्य परवाना' मिळू शकतो, आणि त्यासाठी डॉक्टरांच्या मंडळापुढे जावे लागते. दवा की दारू हा प्रश्न तेथे पुन्हा डॉक्टरच्याच टेबलावर येतो. कायद्याच्या दृष्टीने ती बाटली तेवढ्यापुरती दवा ठरते.

सीमेवर राहणाऱ्या आपल्याला या वाटणीची एक बारीकशी मौज रोज दिसते. शिनोळीच्या अलीकडे-पलीकडे दुकानांच्या पाट्या वाचा. महाराष्ट्रात 'सीएल' म्हणजे देशी दारू. 'सीएल-३' म्हणजे देशीचे किरकोळ दुकान. कर्नाटकात 'सीएल-२' म्हणजे विदेशी प्रकारच्या दारूचे दुकान आणि 'सीएल-९' म्हणजे बार. कर्नाटकाने १ जुलै २००७ पासून देशी सरायी पूर्ण बंद केली. म्हणजे एकाच अक्षराची दारू रस्ता ओलांडला की जात बदलते. आणि घाटाखाली गोवा. तेथे कर पहिल्यापासून हलका, काजूच्या बागांचे हंगामी लिलाव, घरगुती भाट्यांना परवाने, आणि २००९ पासून काजू फेणीला भौगोलिक ओळख. १८७८च्या तहाने ज्या रेंदेराचे कंबरडे मोडले, त्याच्या कसबाला सव्वाशे वर्षांनी सरकारने मानाचे पान दिले. चोर्ला आणि तिलारी घाटांतल्या तपासणी नाक्यांवर या तीन राज्यांची तीन मते रोज समोरासमोर येतात.

हैदराबादकडच्या मंडळींना आंध्रातली १९९२ची चळवळ आठवत असेल. नेल्लोर जिल्ह्यातील दुबगुंटा गावच्या, साक्षरता वर्गात जाणाऱ्या बायकांनी अर्काचे दुकान बंद पाडले. १ ऑक्टोबर १९९३ पासून अर्क बंद झाला, जानेवारी १९९५ मध्ये संपूर्ण बंदी आली आणि १९९७ मध्ये ती उठलीही. इंदूरच्या मंडळींनी गेल्या काही वर्षांत अहाते बंद झालेले पाहिले, आणि १ एप्रिल २०२५ पासून अहिल्याबाईंच्या महेश्वरासह एकोणीस धर्मस्थळांतील दुकाने बंद झाली.

बंदी येते, उठते, सैल होते. मधल्या काळात विषारी दारूही येते. वडोदऱ्यात १९८९ मध्ये, अहमदाबादेत २००९ मध्ये, मुंबईत मालवणीला २०१५ मध्ये माणसे मेली. बंगळूरला तर १९८१ मध्ये तीनशेहून अधिक गेली. यांतली काही राज्ये बंदीची, काही परवान्याची. मरणारा मात्र सगळीकडे तोच होता: ज्याला कायदेशीर बाटली परवडत नव्हती तो. मिथेनॉल कोठून येते? कारखान्यांतून. त्याला वासही ओळखीचाच. म्हणून बंदी हेच विषारी दारूचे कारण, असे म्हणणारे चुकतात, आणि परवाना दिला की विष येत नाही, असे म्हणणारेही.

दप्तराचे शेवटचे पान

औद्योगिक मद्यार्कावर अधिकार कोणाचा, हा वाद कित्येक दशके चालला होता. २३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक मतांनी निकाल दिला की 'मादक द्रव' या शब्दांत औद्योगिक मद्यार्कही येऊ शकतो आणि त्याच्या नियमनाचा अधिकार राज्यांना आहे. पिण्याची दारू नसलेले द्रवही गैरवापराने दारू होऊ शकते, हा त्यामागचा विचार. माझ्या टेबलावर रिकाम्या बाटल्या मांडणाऱ्या त्या बाईंना हे फार आधी कळले होते.

आता माझे मत सांगून मी थांबतो. या दीडशे वर्षांत मला तीन गोष्टी दिसतात. पहिली, ज्या सरकारचे पगार दारूच्या करावर भागतात ते सरकार दारू कमी करण्याच्या कामात नेहमी अर्ध्या मनाने उतरते. म्हणून कोणत्याही नियमापुढे आधी विचारावे की हा आरोग्याचा नियम की तिजोरीचा. १९३९च्या मंत्रिमंडळासारखे उत्तर ज्याला देता येत नाही त्याने बंदीची भाषा करू नये. दुसरी, १८७८ पासून जे नियम गरिबाच्या झाडावर आणि फुलावर बसले त्यांनी पिणे कमी झाले नाही. फक्त पैसे घेणारा बदलला. आणि तिसरी, जेथे निर्णय दुकानाशेजारी राहणाऱ्यांनी घेतला तेथे तो जास्त टिकला.

महाराष्ट्रात २००८च्या आदेशाने असा एक मार्ग ठेवला आहे. गावातील एक चतुर्थांश महिला मतदारांनी मागणी केली तर गुप्त मतदान होते. उभी बाटली म्हणजे दुकान राहो, आडवी बाटली म्हणजे बंद. पण दुकान बंद व्हायला नोंदलेल्या एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. त्या दिवशी जी बाई शेतावर गेली, माहेरी गेली किंवा भीतीने घरी बसली तिचे मत आपोआप दुकानाच्या बाजूला जाते. हा नियम बदलला पाहिजे, असे मला वाटते. पण असा हक्क असणे हीच मोठी गोष्ट आहे. आपल्या कर्नाटकात २०१९च्या जानेवारीत बायका चित्रदुर्गाहून बंगळूरपर्यंत दारूविरुद्ध चालत गेल्या. त्यांची मागणीही निर्णय आपल्या हाती असावा हीच होती.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुकान आहे. ते दुसरीकडे हलवावे म्हणून शेजारच्या बायकांनी अर्ज केला आणि सही मागायला त्या माझ्याकडे आल्या. एक जण म्हणाली, "डॉक्टर, तुमच्याकडे पण परवाना आहे ना? मग तुम्ही सही कराल का?" मी तिला म्हटले, "ताई, परवाना आहे म्हणूनच करतो. तो कशासाठी असतो ते मला ठाऊक आहे." सही केली. दुकान अजून तेथेच आहे. अर्ज कोणत्या टेबलावर आहे त्याची चौकशी दर महिन्याला त्या बायका करतात आणि माझ्याकडे येऊन सांगतात.